घरात मुंग्या झाल्या? आधी धोका ओळखा, मग उपाय करा

घरात दिसणाऱ्या बहुतेक मुंग्या माणसाला काही करत नाहीत. अन्नात शिरतात, ओट्यावर फिरतात, वैताग आणतात, एवढंच. थोड्या जाती मात्र खरोखर डंख मारतात आणि मोजक्या माणसांच्या तो जिवावर बेतू शकतो. उलट, मुंग्या घालवायला घरात जे फवारलं, भुरभुरलं आणि ओतलं जातं, त्यातून होणारे अपघात मात्र शंभर टक्के टाळता येण्यासारखे असतात. म्हणून क्रम असा ठेवा: मुंगी कोणती, घरात कोण आहे, आणि मग उपाय. फवाऱ्याचा डबा हातात घेण्याआधी निदान पहिले दोन टप्पे वाचाच.

लागणारं सामान

- भिंग, किंवा जवळून स्पष्ट फोटो घेणारा फोन
- पारदर्शक चिकटपट्टी आणि पांढरा कागद
- विजेरी
- भांडी घासायचा द्रव साबण आणि फडकं
- साखर आणि बोरिक ॲसिडची पूड, किंवा मुंग्यांसाठी मिळणारं तयार आमिष-जेल
- एक ग्रॅम नीट मोजणारा छोटा वजनकाटा (बोरिक ॲसिड वापरणार असाल तरच)
- बाटल्यांची झाकणं, कापूस, झाकणाचे लहान प्लास्टिकचे डबे
- फटी बुजवायला सीलंट
- रबरी हातमोजे आणि न पुसलं जाणारं पेन

## 1. मुंगी पकडून नीट पाहा

रंगावरून निकाल लावू नका. ‘लाल म्हणजे चावरी, काळी म्हणजे गरीब’ हा हिशोब अनेकदा चुकतो. फिकट लालसर-पिवळ्या कित्येक मुंग्या निरुपद्रवी असतात आणि काही काळ्या मुंग्यांचा डंख सणसणीत असतो.

रांगेतली एक मुंगी चिकटपट्टीने उचला, पट्टी पांढऱ्या कागदावर चिकटवा, शेजारी मोजपट्टी ठेवा आणि फोटो मोठा करून तीन गोष्टी पाहा: लांबी किती, कंबरेला गाठी (छाती आणि पोट यांच्या मधल्या बारीक भागावरचे उंचवटे) एक की दोन, आणि पोटाच्या टोकाला सुईसारखं काही दिसतं का. एकच नको, चार-पाच मुंग्या पाहा. काही जातींत एकाच वारुळात लहान-मोठ्या आकाराच्या कामकरी मुंग्या असतात, आणि हीसुद्धा ओळखीची खूण आहे.

दीड-दोन मिलिमीटरची, डोकं गडद आणि पोट जवळजवळ पारदर्शक: ही भूतमुंगी, टॅपिनोमा मेलानोसेफॅलम. चिरडली की खवट खोबऱ्यासारखा वास येतो. नांगी नाही. धोका जवळपास शून्य, चिकाटी मात्र भरपूर.

दोन मिलिमीटरची, मधासारख्या पिवळ्या रंगाची, कंबरेला दोन गाठी: फॅरो मुंगी, मोनोमोरियम फॅरोनिस. हिचा डंख माणसाला सहसा जाणवतही नाही. पण घरगुती मुंग्यांमध्ये आरोग्याच्या दृष्टीने हिचीच सर्वांत जास्त दखल घ्यावी लागते. कारण टप्पा 2 मध्ये दिलं आहे. ती घालवायची पद्धतही वेगळी आहे.

अडीच-तीन मिलिमीटरची, काळपट, लांब पाय, लांब मिशा, सैरावैरा पळणारी: पॅराट्रेकिना लाँगिकॉर्निस. इंग्रजीतून आलेलं नाव ‘क्रेझी अँट’. सरळ रांगेत चालणं हिला फारसं मानवत नाही. डंख नाही.

सहा मिलिमीटर ते सेंटिमीटरहून मोठी, काळी किंवा तांबूस-काळी: बहुधा कॅम्पोनोटस गटातली, म्हणजे आपण ज्याला डोंगळा किंवा मुंगळा म्हणतो तो. नांगी नसते, पण जबड्याने कडकडून चावतो आणि जखमेवर फॉर्मिक आम्ल सोडतो. आग होते, रक्ताचा ठिपका येऊ शकतो, काही वेळाने थांबते.

तांबूस, दोन ते सहा मिलिमीटर, एकाच झुंडीत वेगवेगळे आकार, कंबरेला दोन गाठी, वारूळ हलवताच अंगावर धावून येणारी: आगमुंगी, सोलेनोप्सिस. ही जबड्याने कातडी धरते आणि त्याच जागेभोवती गोल फिरत पोटाच्या टोकाने एकामागून एक डंख मारते. म्हणून डंखांचे ठिपके कोंडाळ्यात दिसतात. हिचं वारूळ सहसा बाहेर, मातीत असतं. पाणी साचलं किंवा खाद्य मिळालं की ती घरात येते.

मोठी, सडपातळ, काळी, कंबरेला एकच पण जाड गाठ आणि टोकाला नांगी दिसणारी मुंगी आढळली, तर तिलाही डंखवाल्यांतच धरा. नाव सापडलं नाही तरी चालेल. ‘डंख मारणारी की नाही’ एवढं कळलं की पुढचे निर्णय घेता येतात.

एक गफलत सर्रास होते. दिव्याभोवती जमलेले पंखवाले किडे मुंग्यांचे आहेत की वाळवीचे, ते तपासा. मुंगीची कंबर बारीक, मिशा कोपरासारख्या वाकलेल्या आणि पुढचे पंख मागच्यांपेक्षा लांब असतात. वाळवीची कंबर जाड, मिशा सरळ आणि चारही पंख सारख्या लांबीचे असतात. वाळवी निघाली तर हा लेख बाजूला ठेवा, ते काम वेगळं आहे.

## 2. घरात कोण आहे, त्यावरून धोका ठरवा

तीच मुंगी एका घरात किरकोळ असते आणि दुसऱ्या घरात नसते. चालत्या-फिरत्या, निरोगी माणसाला दोन-चार चावे म्हणजे दोन-चार चावे. जो बाजूला सरकू शकत नाही किंवा ज्याला चावल्याचं कळत नाही, त्याच्या बाबतीत हिशोब बदलतो. खालच्यांपैकी कोणी घरात असेल तर उपाय पुढे ढकलू नका:

- तान्हं बाळ. ओठांवर, मानेच्या घडीत, कपड्यांवर राहिलेलं दूध मुंग्यांना बोलावतं.
- अंथरुणाला खिळलेले, अर्धांगवायू झालेले किंवा झोपेच्या औषधावर असलेले रुग्ण.
- मधुमेहामुळे पायांची संवेदना कमी झालेले लोक. चावे कळत नाहीत, खाजवलेल्या जागी जंतुसंसर्ग होतो.
- उघडी जखम, शस्त्रक्रियेचे टाके, नळी किंवा सलाईन लावलेली व्यक्ती.
- मुंगी, मधमाशी किंवा गांधीलमाशीच्या डंखाने आधी कधी श्वासाचा त्रास झालेली, किंवा अंगभर गांधी उठलेली व्यक्ती.

रोगप्रसाराबद्दल दोन्ही टोकांच्या गोष्टी ऐकू येतात. डास जसा रोग टोचतो तशी मुंगी टोचत नाही. पण ती गटार, कचरा, मेलेले किडे आणि जेवणाचं ताट या सगळ्यांवरून त्याच पायांनी फिरते. ब्रिटनमधल्या रुग्णालयांतल्या फॅरो मुंग्यांवर साल्मोनेला, स्टॅफिलोकॉकस, स्यूडोमोनास असे जंतू सापडल्याचं 1972 मध्ये प्रसिद्ध झालं आणि तेव्हापासून रुग्णालयांत या मुंगीला गंभीरपणे घेतलं जातं. ती जखमेच्या पट्टीखालीही शिरते, ओलाव्यासाठी. साध्या घरात हा धोका कमी आहे; आजारी माणसाची शुश्रूषा चालू असलेल्या खोलीत तो कमी धरू नये.

अशा माणसाच्या पलंगासाठी आजच करण्यासारखं: पलंग भिंतीपासून एक वीतभर दूर घ्या, चादर-मच्छरदाणी जमिनीला टेकू देऊ नका आणि प्रत्येक पाय पाण्याच्या पसरट भांड्यात ठेवा. पाण्यात साबणाचे दोन-तीन थेंब टाका. साध्या पाण्याच्या पृष्ठताणावर हलक्या मुंग्या तरंगत पार जाऊ शकतात, साबणाने तो ताण मोडतो. पाणी दर तीन-चार दिवसांनी बदला, नाहीतर मुंग्या जाऊन डास येतील.

## 3. चावली तर काय करायचं

आधी तिथून दूर व्हा. आगमुंग्यांच्या वारुळावर उभं राहून पाय झटकत बसलात तर झटकलेल्या दुप्पट चढतात. मुंग्या हाताने किंवा कापडाने घासून काढा. नुसतं पाणी ओतून भागत नाही, कारण त्यांनी जबड्याने कातडी धरलेली असते. कपड्यांत शिरल्या असतील तर कपडे काढा.

मग साबण-पाण्याने जागा धुवा, कापडात गुंडाळलेला बर्फ दहा मिनिटं ठेवा, दहा मिनिटं काढा, पुन्हा ठेवा. हात-पाय सुजला असेल तर उंचावर ठेवा, बोटातली अंगठी सूज वाढण्याआधी काढा. खाजेसाठी 1 टक्का हायड्रोकॉर्टिसोन मलम किंवा ॲलर्जीची गोळी चालते. लहान मूल, गर्भवती किंवा इतर औषधं चालू असलेली व्यक्ती असेल तर डॉक्टरांना विचारून. फॉर्मिक आम्ल डोळ्यात गेलं तर न चोळता स्वच्छ पाण्याच्या धारेखाली पंधरा मिनिटं डोळा धुवा आणि दाखवून घ्या.

आगमुंगीच्या डंखाजागी साधारण 24 तासांत पांढरट फोड येतो. तो पू वाटला तरी मुळात जंतूंमुळे आलेला नसतो, विषातल्या अल्कलॉइडमुळे पेशी मरून तो तयार होतो. फोडू नका. आठवडा-दहा दिवसांत सुकतो. फोडला तर मात्र खरा जंतुसंसर्ग होऊ शकतो आणि डाग राहू शकतो. लाली रोज पसरत असेल, ताप आला, ठणका वाढत गेला तर डॉक्टरांकडे जा. डंखावर टूथपेस्ट, चुना, रॉकेल असलं काही लावू नका.

थांबायचं नाही अशी लक्षणं: श्वास घ्यायला त्रास किंवा घरघर, ओठ-जीभ-चेहरा सुजणं, घसा आवळल्यासारखा वाटणं, डंख एका जागी असून अंगभर गांधी उठणं, वारंवार उलट्या, चक्कर, शुद्ध हरपणं. ही सहसा काही मिनिटांत ते तासाभरात दिसतात. तातडीची वैद्यकीय मदत बोलवा. डॉक्टरांनी जवळ ठेवायला ॲड्रेनॅलिनचं इंजेक्शन आधीच लिहून दिलेलं असेल तर ते लगेच मांडीच्या बाहेरच्या बाजूला द्या. ॲलर्जीची गोळी त्याची जागा घेत नाही. माणसाला आडवं झोपवून पाय उंच करा. दम लागत असेल तर बसू द्या, पण चालवत नेऊ नका.

कानात मुंगी गेली तर काडी, पिन, कापूस काहीही घालू नका. कान खाली करून डोकं कलंडवा. तरी वळवळत असेल तर गरम नव्हे, कोमट असं थोडं खाद्यतेल कानात सोडून तिला शांत करता येतं. कानाच्या पडद्याला छिद्र असेल, कान वाहत असेल किंवा कानात नळी बसवलेली असेल तर तेलही नको, सरळ डॉक्टर.

## 4. अन्नात सापडल्या तर

चुकून दोन-चार मुंग्या पोटात गेल्या तर घाबरू नका, काही होत नाही. साखरेसारखी कोरडी वस्तू असेल तर मुंग्या निघून जाऊ द्या, चाळा, घट्ट झाकणाच्या डब्यात भरा. शिजवलेलं ओलसर अन्न, कापलेली फळं, मांस यांत रांग लागली असेल तर टाकून द्या. तान्ह्या बाळाच्या दुधाच्या पावडरीत, बाटलीच्या बुचात किंवा आजाऱ्याच्या पेयात एकही मुंगी दिसली तर चाळणी-गाळणी करत बसू नका. टाका.

## 5. रांग पुसू नका, तिच्या मागे जा

रांग दिसली की फडकं फिरवायचा मोह होतो. थोडं थांबा. ही रांग म्हणजे घरट्यापर्यंतचा पत्ता आहे. बाहेर फिरणाऱ्या मुंग्या हा वसाहतीचा छोटा हिस्सा असतो. राणी, अळ्या आणि बहुसंख्य कामकरी आत असतात. राणी भलती दीर्घायुषी असते. काळ्या बागमुंगीची, लासियस नायगरची, एक राणी बंदिस्त अवस्थेत 28 वर्षांहून जास्त जगल्याची नोंद आहे. ओट्यावरच्या शंभर मुंग्या मारून तिचं काही बिघडत नाही.

विजेरी तिरकी धरून रांग दोन्ही टोकांपर्यंत पाहा. रात्रीही पाहा, कित्येक जाती अंधारातच जास्त फिरतात. सिंकखाली, चौकटीच्या फटीत, फरशीच्या सांध्यात, कुंड्यांखाली, पाण्याच्या पाइपाच्या कडेला, बोर्डाच्या मागे शोधा. रांग भिंतीत गडप होत असेल तर त्या जागेवर पेनने खूण करा.

मग चव तपासा. कागदाच्या तुकड्यावर साखर-पाण्याचा थेंब आणि शेजारी उकडलेल्या अंड्याच्या बलकाचा कण ठेवा. तासाभरात मुंग्या कुठे जमल्या ते पाहा. प्रौढ कामकरी मुंगी घन अन्न गिळू शकत नाही, ती पातळ गोडावर चालते. प्रथिनं ती अळ्यांसाठी नेते. त्यामुळे वसाहतीत अळ्या भरपूर असतील तेव्हा त्याच मुंग्या गोडाकडे ढुंकून पाहत नाहीत. ‘जेल लावलं, पण मुंग्या फिरकल्याच नाहीत’ ही तक्रार बहुतेक वेळा इथूनच येते.

## 6. आमिष ठेवा, आणि मग हात आवरा

गोडाकडे जाणाऱ्या मुंग्यांसाठी मिश्रण: 100 मिली कोमट पाणी, 10 ग्रॅम साखर, 1 ग्रॅम बोरिक ॲसिड. पूर्ण विरघळेपर्यंत ढवळा. वजनकाटा नसेल तर अंदाजपंचे करू नका, तयार जेल आणा.

प्रमाण वाढवण्यातच लोक फसतात. जास्त तीव्र झालं तर मुंग्या तोंड फिरवतात, किंवा घरट्यात पोहोचण्याआधी मरतात. आपल्याला हवं आहे ते उलटं. मुंगी पोटात द्रव साठवून आत नेते आणि तोंडातून तोंडात इतरांना देते. अशा वाटपातून ते राणीपर्यंत जायला वेळ लागतो. म्हणून विष मंद हवं.

1. हातमोजे घाला. स्वयंपाकाची भांडी, चमचे या कामाला वापरू नका.
2. कापसाचा बोळा मिश्रणात भिजवून बाटलीच्या झाकणात ठेवा. नुसत्या पाण्यात मुंग्या बुडतात.
3. झाकण लहान डब्यात ठेवा, डब्याच्या बाजूंना तळाजवळ तीन-चार मिलिमीटरची छिद्रं पाडा, डब्याचं झाकण लावा, चिकटपट्टी मारा, वर ‘विष’ लिहा.
4. डबा रांगेच्या अगदी कडेला ठेवा. मूल, मांजर, कुत्रा पोहोचणार नाही अशा जागी.
5. दर दोन-तीन दिवसांनी ताजं मिश्रण भरा. पाणी उडालं की प्रमाण आपोआप तीव्र होतं.

प्रथिनांकडे जाणाऱ्या मुंग्यांना हे चालणार नाही. त्यांच्यासाठी प्रथिनं किंवा तेल असलेलं तयार आमिष घ्या आणि वेष्टनावरच्या सूचनेप्रमाणेच वापरा.

पहिल्या दिवशी मुंग्या वाढलेल्या दिसतील. घाबरू नका, नेमकं हेच हवं आहे. आमिष चालू असताना ती रांग पुसू नका, जवळ फवारू नका, फिनेल किंवा उग्र साबणाने ती जागा धुऊ नका. मात्र इतर सगळं खाद्य झाका. पर्याय उघडे असतील तर त्या तुमच्या डब्याकडे का येतील?

साध्या वसाहतीला काही दिवस ते दोन आठवडे लागतात. फॅरो मुंगीला अनेक आठवडे लागू शकतात: तिच्या एका वसाहतीत कित्येक राण्या असतात आणि अंड्यापासून कामकरी मुंगी व्हायला साधारण सहा आठवडे जातात. रांग दिसेनाशी झाली की पंधरा दिवसांत आमिष उचलणारे लोक महिन्याभराने पुन्हा तिथेच असतात.

बोरिक ॲसिड मुलाच्या पोटात गेलं तर उलटी काढायचा प्रयत्न करू नका. पाकीट हातात घेऊन दवाखाना गाठा.

## 7. या गोष्टी करू नका

फवारा: दिसणाऱ्या मुंग्या मरतात, समाधान मिळतं, वसाहत तशीच राहते. फॅरो मुंगीच्या बाबतीत तर फवारा नुकसानच करतो. धोका जाणवला की काही कामकरी मुंग्या राणी आणि अळ्या घेऊन वेगळ्या होतात आणि नवी घरटी मांडतात. स्वयंपाकघरातली एक रांग मग तीन खोल्यांत दिसते.

मुंग्यांचा खडू: लहान मुलाला तो लिहायचाच खडू वाटतो, आणि त्यात कीटकनाशक असतं. घरात मूल असेल तर हा खडू आणूच नका, असं माझं स्पष्ट मत आहे.

पूड उघड्यावर भुरभुरणं: पंख्याच्या वाऱ्याने ती ताटात आणि नाकात जाते.

मांजर किंवा मासे असताना परमेथ्रिनसारखी कीटकनाशक औषधं: मांजराचं यकृत परमेथ्रिनचा निचरा करू शकत नाही, आणि माशांना हा औषधगट थोड्या मात्रेतही मारक ठरतो.

रॉकेल, पेट्रोल: आगीचा धोका, वर माती खराब.

व्हिनेगर, लिंबू, दालचिनी यांनी बिघडत काही नाही. वासाची वाट काही तासांपुरती मोडते, तेवढाच उपयोग.

## 8. बोर्डात आणि लाकडात शिरल्या असतील तर

स्विचबोर्डात मुंग्या दिसल्या तर आत काहीही फवारू नका. मेन स्विच बंद करा आणि इलेक्ट्रिशियनकडून बोर्ड उघडून साफ करून घ्या. संपर्कबिंदूंमध्ये मेलेल्या मुंग्या साचून स्विच चिकटतो, शॉर्ट होतो. काही जातींत विजेचा धक्का बसलेली मुंगी इशाऱ्याचा गंध सोडते आणि तो इतरांना ओढून आणतो, म्हणून एकाच बोर्डात मुठीने मुंग्या सापडतात. आमिष बोर्डाच्या बाहेर, रांगेवर ठेवा.

चौकटीखाली लाकडाचा भुसा आणि त्यात किड्यांचे तुकडे दिसले तर डोंगळ्यांचं घरटं असू शकतं. डोंगळे लाकूड खात नाहीत, पोखरून राहतात, आणि बहुधा आधीच ओलं झालेलं लाकूड निवडतात. गळती शोधून दुरुस्त केल्याशिवाय नुसतं औषध मारण्यात अर्थ नाही.

## 9. शेवटी वाट पुसा आणि फटी बुजवा

रांग पूर्ण थांबल्यावरच हे काम करा. आधी बुजवलंत तर भिंतीतल्या मुंग्या दुसरीकडून फुटतात. साबणाच्या पाण्याने वाटेची जागा दोनदा पुसा, वाळू द्या, मग पेनची खूण केलेल्या फटी सीलंटने भरा. पाइपाभोवतालची पोकळी, चौकटीचे सांधे, फरशीच्या कडा विसरू नका. ठिबकणारा नळ दुरुस्त करा, कचऱ्याचा डबा रात्री रिकामा करा, पाळीव प्राण्याची थाळी साबण-पाण्याच्या पसरट भांड्यात ठेवा. भिंतीला टेकणाऱ्या फांद्या छाटा. त्या मुंग्यांचे पूल असतात.

अंगणातल्या मुंग्या सरसकट मारू नका. त्यातल्या बऱ्याच वाळवीची आणि इतर किड्यांची शिकार करतात. आगमुंग्यांचं वारूळ मुलांच्या खेळण्याच्या जागी किंवा घराला लागून असेल तरच त्याचा बंदोबस्त करा.

## 10. व्यावसायिकाला कधी बोलवायचं, काय विचारायचं

आगमुंग्यांची वारुळं घराला लागून असतील, फॅरो मुंग्या एकाहून जास्त घरांत असतील (एकट्याने उपाय करून उपयोग नाही, पूर्ण इमारतीत एकाच वेळी आमिष लागतं), किंवा डंखाची तीव्र ॲलर्जी असलेली व्यक्ती घरात असेल तर बोलवा. येताना दाखवायला चिकटपट्टीवरची मुंगी, रांगेचे फोटो आणि आतापर्यंत काय वापरलं त्याची पाकिटं तयार ठेवा.

त्यांना विचारा: मुंगी कोणत्या जातीची आहे? आमिष लावणार की फवारणार? औषधातला सक्रिय घटक कोणता आणि प्रमाण किती? किती तास घराबाहेर राहायचं? पुन्हा तपासायला कधी येणार? मुंगी न पाहताच ‘सगळीकडे फवारून देतो’ म्हणणाऱ्याला काम देऊ नका. औषधाच्या लेबलाचा फोटो काढून ठेवा; कोणाला त्रास झाला तर डॉक्टर पहिली तीच माहिती विचारतात.